घड्याळाच्या काचेआड पाणी

मृग बरसला आणि रोहिणखेड, धामणगाव बढे, मोताळा या पट्ट्यात निंदणाला जोर आला, की घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, घडीत पानी गेलं." कुणाचं घड्याळ भांडी घासताना भिजलेलं असतं, कुणाचं शेतातून येताना पावसात. एखादीचं तर पाण्याला लागलेलंच नसतं, तरी काचेच्या आतून धुकं धरलेलं असतं. आज याच धुक्याबद्दल बोलू या. ते कुठून येतं, कधी घाबरायचं, कधी नाही, आणि पहिल्या तासाभरात काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही.

कुणी म्हणेल, आता मोबाइलमध्ये वेळ दिसतो, मनगटावरच्या घड्याळाचं एवढं काय? तर आपल्या आशाताईंना विचारा. नवजात बाळाच्या गृहभेटीसाठी त्यांना जे किट मिळतं, त्यात वजनकाटा आणि थर्मामीटर यांच्या सोबत घड्याळही असतं. ते शोभेसाठी नाही, बाळाचा श्वास मोजण्यासाठी. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास भरले, म्हणजे श्वास जलद आहे. मग न्यूमोनियाची शंका धरून बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं.

आता हिशोब करा. आठ महिन्यांच्या बाळाचा खरा श्वास मिनिटाला ५४ आहे. चावीच्या जुन्या घड्याळात दमट शिरला, आतली केसासारखी बारीक कमान एकमेकीला चिकटली, तर ते घड्याळ मंद होत नाही, उलट पळायला लागतं. समजा त्याचं मिनिट खऱ्या ५० सेकंदांतच संपलं. मोजणारीला श्वास भरतील ४५. ती म्हणेल, ठीक आहे, ५० च्या आत आहे. बाळ मात्र ठीक नाही. उलटंही होतं. सेकंदकाटा ओलाव्यानं दहा सेकंद अडकून परत चालू झाला, तर ४५ श्वासांच्या बाळाचे ५२ भरतात आणि घरात उगाच घबराट होते. म्हणून भिजलेलं घड्याळ "चालतंय ना" एवढ्यावर सोडू नका. चालणारं घड्याळ बंद घड्याळापेक्षा जास्त फसवतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून पाच मिनिटं सेकंदकाट्याशी ताडून बघा. फरक दिसला तर ते घड्याळ श्वास मोजायला वापरू नका, मोबाइलवर मोजा.

आपल्या महाराष्ट्रातच गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं यावर एक छान तोड काढली होती. गावातल्या ज्या दायांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी श्वास मोजण्याचं एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि सरकवायचे मणी. वाळू पडेपर्यंत मणी सरकवत जायचं, मणी कुठवर गेले त्यावरून श्वास जलद की नाही ते कळायचं. वाळूची घडी बंद काचेतली, तिला ना चावी, ना सेल, ना रबर. पाणी शिरायला जागाच नाही.

मनगटावरच्या घड्याळाला मात्र जागा आहेत, आणि त्या तीन आहेत. पहिली काचेची कड. दुसरी मागचं झाकण. तिसरी, आणि सगळ्यात घातकी, ती चावी. चावीची बारीक दांडी घड्याळाच्या पोटात जाते, म्हणजे तिथं आरपार छिद्रच असतं. या तिन्ही ठिकाणी पाणी अडवतं ते फक्त रबराचं किंवा प्लास्टिकचं बारीक कडं. नवं असतं तेव्हा ते मऊ असतं आणि फट भरून काढतं. आपल्याकडे घाटाखाली एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. त्यात घाम, साबण, पावडर, तेल. काही वर्षांत रबर कडक होतं, चपटं होतं, तडकतं. बाहेरून घड्याळ झकास दिसतं, पण आतलं राखणदार म्हातारं झालेलं असतं.

बायकांच्या घड्याळाचं आणखी एक दुखणं आहे, ते पुरुषांच्या लक्षात येत नाही. आपण घड्याळाशेजारी बांगड्या घालतो. भाकरी थापताना, धुणं पिळताना बांगडी चावीवर आपटत राहते आणि चावी केसभर बाहेर सरकते. तेवढी फट पाण्याला पुष्कळ होते. पाण्यात हात घालण्याआधी चावी अंगठ्यानं एकदा दाबून बघायची सवय लावा. आणि ओल्या हातानं, पाण्याखाली, वेळ लावायला चावी कधीही ओढू नका.

तरी माझ्या मते पाणी शिरण्याचं सगळ्यात मोठं कारण पाऊसही नाही आणि बांगडीही नाही. ते आहे सेल बदलणं. बाजारच्या दिवशी घाईत सेल बदलून घेतो. झाकण उघडताना आतलं काळं कडं निघून येतं, टेबलावर पडतं, नाहीतर झाकण दाबताना मध्ये चेपलं जातं. घड्याळ लगेच चालू होतं, आपण पैसे देऊन निघतो. दोन महिन्यांनी पहिल्या पावसात आत थेंब दिसतो आणि आपण पावसाला दोष देतो. म्हणून सेल बदलताना समोर उभं राहायचं आणि सरळ विचारायचं, "दादा, रबर बसवलं का? चांगलं आहे का?" खराब असेल तर नवं टाकायला सांगायचं, त्यावर सिलिकॉनचं ग्रीस लावायला सांगायचं. चांगल्या घडीसाजाला हा प्रश्न आवडतो. ज्याला राग येईल, त्याच्याकडे पुढच्या वेळी जायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आता धुक्याकडे येऊ. काचेआड वाफ धरणं आणि आत पाणी शिरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळाच्या पोटात हवा असते, आणि हवेत दमट असतोच. ३० अंशांची एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम पाणी वाफ करून धरू शकते. तीच हवा २० अंशांवर आली की साधारण १७ ग्रॅमच धरते. उरलेली वाफ थंड जागेवर जाऊन बसते. माठाच्या बाहेरून जसे थेंब धरतात, तसंच. मोताळ्याहून बसनं निघालात, राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचलात. खाली उकाडा, वर गार वारं आणि भुरभुर. खिडकीवर हात ठेवलेला असतो, काच गार पडते, आतली वाफ काचेला चिकटते. घड्याळात असलेली हवा चिमूटभर, त्यातली वाफ तर नगण्य, पण धुकं दिसायला तेवढी पुरते.

हे धुकं पाच-दहा मिनिटांत गेलं, आणि वर्षातून एखाद्या वेळीच आलं, तर फार काळजी नको. पण रोज सकाळी येत असेल, तासभर टिकत असेल, किंवा धुक्याऐवजी थेंब दिसत असतील, तर बाहेरची हवा किंवा पाणी आत येतंय हे पक्कं समजा. घरी तपासायची एक सोपी रीत आहे. घड्याळ मनगटावर अर्धा तास राहू द्या, म्हणजे ते अंगाच्या उबेला येईल. चावी दाबलेली आहे ना ते बघा. मग माठातल्या गार पाण्याचे एक-दोन थेंब काचेच्या मधोमध ठेवा, मिनिटभर थांबा आणि स्वच्छ फडक्यानं टिपा. थेंब होता तिथं आतून धुकं दिसलं, तर आत दमट साठलेला आहे. घड्याळ कंपन्याही जवळपास हेच करतात. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटानं पुसायचा आणि आत वाफ धरली का ते बघायचं. आंतरराष्ट्रीय मानकातली ही चाचणी आहे, आपल्याकडे माठानं काम भागतं.

झाकणावर जे कोरलेलं असतं, त्यानं पुष्कळ जणी फसतात. "वॉटर रेझिस्टंट ३० मीटर" याचा अर्थ ३० मीटर खोल विहिरीत उतरा असा नाही. त्याचा अर्थ, नव्या घड्याळानं कारखान्यात, स्थिर पाण्यात, तेवढा दाब सोसला. तुमचा हात हलतो, पाणी गरम असतं, त्यात साबण असतो. व्यवहारात ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, एवढंच. ५० मीटर लिहिलेलं थोडा वेळ पोहायला चालतं, १०० मीटरवालं बिनघोर पोहायला. आणि हे सगळं रबर नवं असेपर्यंत. काहीच लिहिलेलं नसेल तर पाण्यापासून लांबच ठेवा. "वॉटरप्रूफ" हा शब्द मुद्दामच टाकून दिला गेला, कारण कायमचं पाणीबंद असं घड्याळ नसतंच.

पाणी अडवणारं घड्याळ जगाला पटवून दिलं ते एका बाईनं, हे मला सांगायला आवडतं. मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधली टायपिस्ट. ७ ऑक्टोबर १९२७ ला तिनं इंग्लिश खाडी पोहून पार केली. असं करणारी ती पहिली ब्रिटिश बाई. पण लोकांनी शंका घेतली, म्हणून त्याच महिन्यात २१ तारखेला ती पुन्हा त्या गारठलेल्या पाण्यात उतरली. या वेळी तिच्या गळ्यात रोलेक्स कंपनीचं नवं 'ऑयस्टर' घड्याळ होतं. दहा तासांवर ती पाण्यात राहिली, थंडीनं शेवटी तिला वर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. कंपनीनं वर्तमानपत्रात मोठी जाहिरात दिली. घड्याळाचं नाव झालं, आणि खरं कष्टाचं काम बाईचं होतं.

गंमत बघा, आपल्याकडे एके काळी पाणी आत शिरणं हीच वेळ होती. लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर साधायचे. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटका म्हणजे एक दिवस आणि एक रात्र.

असो. घड्याळ भिजलंच तर काय करायचं?

आधी हातातून काढा. बाहेरून सुती फडक्यानं पूर्ण कोरडं करा, चावीच्या भोवतीही. बाहेर कोरडं झाल्याशिवाय चावीला हात लावू नका, नाहीतर कडेला साचलेला थेंब तुम्हीच आत ढकलाल. सेलचं घड्याळ असेल तर नंतर चावी बाहेर ओढून ठेवा, म्हणजे काटे थांबतील. चावीचं घड्याळ असेल तर चावी भरू नका, ते आपोआप थांबू द्या. ओल्या यंत्राला जितकं कमी फिरवू तितकं बरं. मग काच वर ठेवून, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नव्या चपलेच्या किंवा पर्सच्या खोक्यात, काही गोळ्यांच्या बाटल्यांत त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या मिळतात. वर्षभर उघड्यावर पडलेली पुडी मात्र आधीच पाणी पिऊन बसलेली असते, तिचा उपयोग नाही. आणि हे दाणे लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरायचं खूळ मोबाइलमुळे घरोघरी पोचलं आहे. सोयाबीन विकायला नेलं की ओलावा मोजतात आणि १२ टक्क्यांवर गेला की कुरकुर सुरू होते, हे आपल्याला माहीत आहे. घरातल्या कोरड्या वाटणाऱ्या तांदळातही साधारण १२ ते १४ टक्के पाणी असतंच. तो आणखी काय शोषणार? वरून पीठ आणि कोंडा चावीच्या फटीत बसतो तो वेगळाच.

दुसरी चूक उष्णतेची. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीवर धरून, उन्हात पत्र्यावर ठेवून, केस वाळवायच्या मशीननं, कशानंही घड्याळ तापवू नका. काचेवरचं पाणी नाहीसं झालेलं दिसतं आणि आपण खूश होतो. ते गेलेलं नसतं. त्याची वाफ होऊन ती आत मशीनमध्ये पसरते, आणि घड्याळ गार झालं की चाकांवर जाऊन बसते. शिवाय तबकडीचा रंग फुगतो, तेल पसरतं, रबर आणखी कडक होतं. घड्याळ उलटं, काच मनगटाला लावून घालायचा जुना उपायही असाच. काच अंगाच्या उबेनं साफ होते आणि वाफ मागच्या गार झाकणावर धरते, म्हणजे बरोबर मशीनच्या अंगावर. दिसणाऱ्या जागेवरचं पाणी न दिसणाऱ्या जागी गेलं, एवढंच झालं.

डब्यातली पुडीही शेवटी मर्यादितच काम करते. ज्या फटीतून पाणी आलं, त्याच बारीक फटीतून वाफ बाहेर पडणार, त्याला दिवस लागतात. लोखंडाला गंज चढायला तेवढा वेळ लागत नाही. थेंब दिसत असतील तर खरा इलाज एकच, झाकण उघडणं. शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी घडीसाजाकडे न्या. आठवडी बाजाराची वाट बघू नका. साबणाचं पाणी, दूध, चहा असलं काही शिरलं असेल तर मुळीच थांबू नका. साधं पाणी वाळून जातं, दूध आत नासतं आणि चाकांवर खळीसारखं बसतं.

साबणाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. ज्या बारीक फटीशी साधं पाणी थेंब होऊन अडतं, तिथून साबणाचं पाणी सरकून आत जातं. आणि गरम पाण्यानं अंघोळ करताना आतली हवा फुगून थोडी बाहेर पडते. मग अंग गार झालं की घड्याळ श्वास घेतल्यासारखं बाहेरचं ओढतं. अंघोळीला, धुण्याला, भांड्यांना घड्याळ काढून ठेवायचं ते एवढ्यासाठी. कपाशीवर फवारणी असेल तेव्हा तर घड्याळासाठी नाही, तुमच्यासाठी काढा. कापडी किंवा चामड्याचा पट्टा औषध शोषून दिवसभर कातडीला लावत राहतो.

दुकानात काय होतं तेही माहीत असू द्या. सेलच्या घड्याळात घडीसाज आधी सेल काढतो. पाणी आणि वीज एकत्र राहिली की तांबं झपाट्यानं खातं, आणि आतल्या गुंडाळीची तार केसाहून बारीक असते. ती एकदा तुटली की बहुतेक वेळा पूर्ण मशीनच बदलतात. साध्या घड्याळात ते परवडतंही, डागडुजीच्या मागे लागू नका. अंकांच्या डिजिटल घड्याळात सेल काढून, वाळवून, आतली जोडणी स्पिरिटनं पुसली तर पुष्कळदा अंक परत उमटतात. आधी आकडे अर्धवट दिसत असतील, ८ चा ६ दिसत असेल, तर तोवर त्यावर विसंबू नका.

चावीचं जुनं घड्याळ असेल तर गोष्ट वेगळी. एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं करायला सुरुवात केली. पुढे कित्येक घरांत लग्नात जावयाला एचएमटी आणि लेकीला छोटं 'सुजाता' दिलं गेलं. २०१६ मध्ये सरकारनं तो घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आईच्या सुजातामध्ये पाणी शिरलं तर दुकानातून तसंच नवं आणता येणार नाही. पण हीच घड्याळं वाचवता येतात, कारण त्यांचा प्रत्येक भाग सुटा होतो. घडीसाज यंत्र पूर्ण खोलतो, धुतो, वाळवतो, तेल देतो आणि गंजलेला स्क्रू किंवा कमान जुन्या घड्याळातून काढून बसवतो. त्यासाठी त्याला वेळ द्या. "नुसतं फुंकर मारून द्या" म्हणालात तर तो तसंच देईल, आणि चार महिन्यांनी चावीच फिरणार नाही. तबकडीवर पाण्याचा पिवळा डाग पडला असेल तर तो राहू द्या. रंगवून नवी करून देतो म्हणणारा भेटला तरी नको म्हणा. आईच्या घड्याळावरचे मूळ अंक पुन्हा तसे उमटत नाहीत.

दुरुस्त होऊन आलं की काही दिवस माठाच्या थेंबाची परीक्षा घेत राहा. आषाढीला शेगावच्या पालखीबरोबर किंवा एसटीनं पंढरपूरला निघणाऱ्यांनी चंद्रभागेत उतरायच्या आधी घड्याळ काढून पिशवीत, कोरड्या रुमालात गुंडाळून ठेवावं. आणि पेटीत वर्षानुवर्षं ठेवायचं घड्याळ असेल तर ठेवण्याआधी त्याचा सेल काढून घ्या. संपलेला सेल आत फुटून पाझरतो, आणि तो ओलावा पावसाच्या पाण्यापेक्षा वाईट खातो.